रेस्ट हाउसवरचं सात कोर्सचं जेवण

सूपच्या बश्या आत गेल्या, त्या परत यायचं नाव घेईनात. दुसरा कोर्स माझ्या हातात गार पडत होता आणि मला घाम असा फुटला होता की त्यानं तापीला पूर यावा.

मी तेव्हा शहाद्याजवळच्या रेस्ट हाउसवर खानसामा होतो. खानसामा म्हणजे साहेबलोकांच्या पद्धतीचं रांधणारा आचारी. साठ सालानंतरची गोष्ट. जवळच एका साखर कारखान्याची यंत्रं बसत होती. ती बसवणारा जर्मन इंजिनीअर बायकोसह माझ्याकडे उतरला होता. साहेब काहीही खायचा. मॅडम चार महिने टोस्ट आणि उकडलेल्या अंड्यावर होती. इतकी वाळली होती की पंखा लावायची मला भीती वाटायची.

शेवटी ती म्हणाली, मी आठ दिवसांनी परत जाते. साहेब मला म्हणाला, "शी गो, आय गो."

हे ऐकून नथ्थूभाई धावत आले. ते तापीकाठचे गुजर शेतकरी. कारखान्याच्या भरवशावर त्यांनी आणि आसपासच्या गावांनी ऊस लावून ठेवला होता. साहेब गेला तर यंत्रं अर्धी राहणार आणि ऊस शेतात वाळणार.

"सुकलाल, काहीबी कर. मॅडमना जीव रमाले पाहिजे!"

मॅडमला कशानं बरं वाटेल, ते मी साहेबाला विचारलं. येत्या रविवारी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. तिकडे असते तर एका मोठ्या हॉटेलात गेले असते. तिथे सात पदार्थ येतात, तळहाताएवढे, एकामागून एक. खाऊन झालं की बशी उचलतात, पुढची आणतात. यालाच कोर्स म्हणतात.

"नो प्रॉब्लेम, साहेब," मी म्हणालो. "लाटसाहेबाच्या मेजवानीत सतरा कोर्स काढलेत."

मेजवानी खरी होती. मी तिथे कांदे सोलत होतो, एवढं सांगायचं राहिलं.

आता सामान कुठलं? चीज नाही, बाटलीतला सॉस नाही. नथ्थूभाई पक्के शाकाहारी आणि तेही जेवायला बसणार, म्हणून अंडं-कोंबडीही नाही. मग तुरीच्या डाळीचं पाणी गाळून लिंबू पिळलं, झालं सूप. फुनके, म्हणजे वाफवलेले डाळीचे मुटके, ते दूध-मैद्याच्या व्हाइट सॉसवर बसवले. टोस्टवर वांग्याचं भरीत. केळफुलाचं कटलेट. काकडीची कोशिंबीर, तिचं नाव सॅलड. शेवटी तुपागुळातलं केळं आणि कॉफी. अर्धं खान्देश, अर्धं विलायत.

वाढायचा शिपाई तापानं पडला. म्हणून नथ्थूभाईंची बायको, जमनाकाकी, आली. मी तिला नीट शिकवलं, की सूपचा चमचा खाली ठेवला की बशी उचलायची. पुढे काटा-सुरी शेजारी शेजारी सरळ ठेवली की उचलायची. तिनं मान डोलावली. आणि सूप देऊन रिकाम्या हातानं बाहेर आली.

"काकी, बश्या?"

"बठेल शेतस ना अजून!"

"बसलेल्यांच्याच उचलायच्या. ती पद्धत आहे."

"बठेल मानूसनं ताट उचलाले मी काय वैरीन शे? आन ती बाई चालनी म्हनस ना तू? जानारीनं ताट वढानं? मंग ती कसी थांबी रे?"

यावर लाटसाहेबाच्या मेजवानीतलं काहीच आठवेना. काकीनं दुसरी बशी पहिलीच्या शेजारी ठेवली. तिसरी तिच्या शेजारी. पाचव्या कोर्सला टेबलावर पाण्याचा पेला ठेवायला जागा उरली नाही. मी आत जाऊन हळूच सूपची बशी धरली. काकीनं सर्वांदेखत माझं मनगट पकडलं.

मॅडमनं पाहिलं. साहेबानं विचारलं, "व्हॉट शी सेज?"

थाप ओठावर आली होती. पण का कोण जाणे, खरंच निघालं. "साहेब, शी सेज, प्लेट टेक, गेस्ट गो. शी नॉट लाइक मॅडम गो."

साहेबानं ते जर्मनमध्ये सांगितलं. नथ्थूभाईंचा घास हातातच राहिला. मला माझा बिस्तरा गाडीवर चढलेला दिसू लागला.

मग मॅडमनं ती गार सूपची बशी ओढली आणि शेवटपर्यंत संपवली. शेजारची खुर्ची थोपटून काकीला म्हणाली, बस. काकीनं नवऱ्याकडे पाहिलं. नथ्थूभाई छताची कौलं मोजू लागले. काकी पदर सावरून खुर्चीच्या कडेला टेकली. त्यानंतर दोघींनी भरितानंतर केळं, केळ्यानंतर फुनके असं जे चालवलं, त्यानं माझ्या सात कोर्सचा गोपाळकाला झाला. चार महिन्यांत मॅडमला पोटभर जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तरी ठरल्या दिवशी ती गेलीच. ऊन तिला झेपतच नव्हतं. पण गेली ती एकटी. साहेबानं त्याच्या तोडक्या इंग्रजीत सांगितलं, की मॅडम त्याला म्हणून गेली, "त्यांनी मला पानावरून उठवलं नाही, तू त्यांच्या कामावरून उठू नकोस." शेवटचा बोल्ट बसेपर्यंत तो राहिला. नथ्थूभाईंचा ऊस त्याच हंगामात गाळला गेला.

मी काकीला म्हणालो, "गेली ना शेवटी?"

"गई ते गई," काकी म्हणाली. "आपीन उठाडं नई तिले."

पुढे कोर्सची जेवणं मी पुष्कळ काढली. धडा एवढाच घेतला, की बश्या उचलायच्या असतील तर वाढायला जमनाकाकीला बोलावू नये. बोलावलंच, तर टेबल मोठं घ्यावं.