दसऱ्याच्या पूजेतली रायफल

मंडळी, आज इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत मित्राकडे शस्त्रपूजा सांगायला गेलो. पाटावर लॅपटॉप, पाना, स्क्रूड्रायव्हर आणि शेजारी त्याची नवी असॉल्ट रायफल.

"या बंदुकांवरची देशभरातली बंदी संपली ना, आता दुकानात सहज मिळते. वाहा फूल, गुरुजी!" तो हसत म्हणाला.

मी फूल वाहिलं. हातही जोडले.

त्याची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "काका, ही रायफल माणसं मारायलाच बनवलीय. यू ब्लेस्ड इट?"

मला आठवलं, गावी आम्ही विळा-नांगर पुजायचो, ज्यावर पोट चालतं ते.

अशा बंदुकांवर देशभर पुन्हा बंदी हवी. उद्या आमच्या राज्याच्या सिनेटरच्या ऑफिसला फोन करून तसं सांगणार आहे. पण सणाच्या दिवशी यजमानाला दुखवायचं नाही म्हणून मी गप्प बसलो. तुम्ही बोलला असता का?