दाढीचा आरसा

माझ्या मानेवर ज्वारीचं पोतं पडलं आणि त्या दिवसापासून अख्ख्या गावाला माझ्या मानेची काळजी लागली. पोतं माझ्याच जीपच्या टपावरून घसरलं. दोरी मीच बांधली होती, म्हणून शिव्या द्यायलाही दुसरं कोणी नव्हतं, आणि मला त्याचाही राग आला. पुढं हाताला मुंग्या यायला लागल्या, चहाचा कप बोटांतून सुटायला लागला, तेव्हा नागपूरला नेलं. डॉक्टरनं कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेत बसवला आणि तीन मणके एकमेकांना जोडून टाकले. चार महिने गळ्याला पट्टा. पट्टा काढताना डॉक्टर म्हणाला, गाडी चालवायची असेल तर आधी मान दोन्हीकडे किती फिरते ते मला येऊन दाखवा, मग ठरवू. मी हो म्हणालो आणि गेलो नाही. जाऊन काय दाखवणार? डावीकडे जेमतेम खांद्याच्या टोकापर्यंत, उजवीकडे त्याहूनही कमी. मागचं बघायचं तर धडासकट वळावं लागे, आणि तसं वळलं की मानेतून कळ थेट डोक्यात जाई.

ऑपरेशनचा झाला नाही एवढा ताप मला भेटायला येणाऱ्यांचा झाला. खाटेच्या पायथ्याशी बसायचं, दोन केळी ठेवायची, "मानीचं दुखनं लई वाईट बाप्पा" म्हणायचं. मग कोणाच्या तरी चुलतभावाची मान अशीच मोडली होती आणि तो कसा कसा गेला, ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायचं. आणि निघताना दारात थांबून हटकून तेच, "मंग आता जीप कोन चालवन?"

"मीच," मी म्हणायचो. "मेलो नाई म्या अजून."

ऐंशी सालाच्या पुढचे ते दिवस. बाजारहत्नूरच्या पलीकडच्या आमच्या गावाला बस दिवसातून एकदा यायची, तीही तिच्या मनात आलं तर. नेरडीगोंड्याच्या हायवेपर्यंत माणसं नेणारी जीप एकच, माझी. पुढं माझ्या डावीकडे तिघं बसायचे आणि उजवीकडे, मी आणि दार यांच्या मधल्या फटीत, आणखी एक. मागं समोरासमोरच्या दोन फळ्यांवर बाया आणि त्यांच्या टोपल्या, आणि बाहेर लटकलेले गडी. बाहेरचा आरसा कोणाच्या तरी कोपरानं कधीच मोडला होता. असता तरी उजवीकडच्या माणसाच्या पोटाआड गेला असता. मी सगळं मान वळवून पाहायचो. सहा वर्षांत गाडीला एक ओरखडा नव्हता.

मी पडून होतो तेव्हा जीप माझ्या साळ्यानं चालवली. बायकोचा धाकटा भाऊ. चांगली चालवली, हेच तर माझं दुखणं होतं. आयत्या बिळात नागोबा! चाबी त्याच्या कमरेला, पुढची जागा त्याची, आणि लोक त्याला डायवर म्हणायला लागले. एकदा बाहेरगावच्या कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण, तर उत्तर आलं, "हे आपल्या डायवरचे भाऊजी." खाटेवर पडल्या पडल्या मी ते ऐकलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

बायको भावाच्या बाजूची होती की माझ्या, ते तिनं कधी कळू दिलं नाही. तिला जीपचं कौतुक नव्हतंच. तिला गाडी लागायची. सहा वर्षं जीप दारात उभी असून ती चारदा बसली असेल. मला नागपूरला नेलं तेव्हा ती लिंबू नाकाशी धरून सोबत आली, आणि हिंगणघाटपर्यंत तिच्यासाठी तीनदा गाडी थांबवावी लागली. मान माझी मोडलेली, आणि रस्त्याच्या कडेला ओकत बसलेली ही. मी तिथंही तिच्यावर ओरडलो होतो.

पट्टा निघून दीड महिना झाला तेव्हा मी साळ्याकडे चाबी मागितली. "अजून थोडे दिस आराम करा ना, भाऊजी," तो म्हणाला. मी नुसता हात पुढं करून उभा राहिलो, तेव्हा त्यानं ती दिली. दुपारची वेळ होती, सगळे शेतात. जीप अंगणातून रस्त्यावर काढायची म्हणजे आधी मागं घ्यावी लागे. मी रिव्हर्स टाकला, जमेल तेवढा वळलो, कळ आली तसे डोळे गच्च मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच गाडी मागं घेतली. उतरून पाहतो तर बायकोनं जुन्या लुगड्यावर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांच्या मधोमध टायरचा पट्टा. ठसका सगळ्या अंगणात भरला. ती शिंकत बाहेर आली, आधी मिरच्यांकडे पाहिलं, मग माझ्या मानेकडे.

"दिसल्या नाई?"

"गाडीच्या वाटेत मिरच्या टाकाची जागा हाये का?" मी डाफरलो. चोर तो चोर, वर शिरजोर. पदर नाकाला लावून तिनं मिरच्या सुपात भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी झाल्यावर मी आरसा खुंटीला अडकवला नाही. हिरव्या कडेचा, तळहाताएवढा गोल आरसा होता. तो घेऊन जीपमध्ये गेलो आणि समोरच्या काचेच्या वर तारेनं पक्का बांधला. आरशात आधी मागच्या फळ्यांवर बसणाऱ्यांची डोकी दिसणार, आणि त्या डोक्यांमधून वीतभर रस्ता. मला तो वीतभर रस्ता पाहिजे होता. तेवढा दिसला की माझं भागत होतं.

साळा येऊन बघून गेला. "गाडीत दाढी करता का, भाऊजी?"

"तुले काय करा लागते?"

तो हसला. आरशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. मला त्याच्या तोंडावरून दिसलं की त्याला कळलं.

पहिल्या बाजाराच्या दिवशी पटेल, म्हणजे आमच्याकडचे पाटील, पुढच्या सीटवर बसायला आले. पटेलकी जाऊन काही वर्षं झाली होती, पण गावात शब्द अजून त्यांचाच चाले. एक पाय आत, एक बाहेर ठेवून त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मान फिरते का गा बराबर?" मी टपाचा दांडा धरला आणि खांद्यासकट असा गर्रकन वळलो की बघणाऱ्याला वाटावं मानच वळली. "पाहा. चकरीवाणी फिरते." लोक हसले आणि बसले. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण मी गाडी सुरू केली.

तीन-चार बाजार छान गेले. मी त्या आरशावर चालवत होतो. मागून लॉरी येते का, कोण उतरतंय, कोण चढतंय, सगळं त्यातून. कोणाचं डोकं त्या वीतभर रस्त्याच्या आड आलं की ते हलेपर्यंत मी आरशात टक लावून बसायचो. मला काय ठाऊक, की आरशात मला ज्या दिसतात त्यांना मीही दिसतो! मागचा कलकलाट हळूहळू बंद पडला. बायांचे पदर पुढं आले. मला वाटलं, ऊन लागत असेल. मग एका बाजाराला पटेलांची नवी सून थांब्यापर्यंत आली, जीप पाहिली आणि टोपली डोक्यावर ठेवून पायी निघाली. तिच्या मागं आणखी दोघी.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर बोलावणं आलं. गडी पारावर, बाया भिंतीला लागून उभ्या. पटेलांनी आडवळणानं काही विचारलं नाही.

"आरसा कायले लावला?"

"गाडीले आरसा लागतेच."

"सा वर्सं नाई लागला?"

"मले बी नाई लागला," मागून माझा साळा म्हणाला. अगदी मऊ आवाजात. खोटं एक अक्षर बोलला नाही तो.

"आमच्या लेकी-सुना आरशात पाहाले बसते का तू गाडीत?" पटेल उठून उभे राहिले. "तोंडानं बोल ना आता!"

काय बोलणार? इकडे आड, तिकडे विहीर. मान फिरत नाही म्हणावं, तर सगळ्यांदेखत चकरीवाणी फिरते म्हणालो होतो, आणि मागचं न दिसणाऱ्याच्या जीपमध्ये कोण बसणार? गाडी गेली म्हणजे मी गेलो. जन्मभर खाटेवरचा भाऊजी. आणि काही न बोलावं, तर बाया पाहणारा. मी उभ्या उभ्या ठरवलं की हे दुसरं परवडलं. लोक आज थुंकतील, उद्या बसतील, दुसरी गाडी आहे कुठं? मी तोंड बंद ठेवलं. एकजण "लाज नाई" म्हणाला, तेही ऐकून घेतलं.

तेवढ्यात बायांमधून माझी बायको पुढं आली. पारासमोर ती आजवर कधी बोलली नव्हती.

"ह्यायची मान फिरत नाई," ती म्हणाली. "घरात मांगून हाक मारली तं अख्खे फिरते. मागचं दिसावं म्हनून आरसा लावला. माह्या मिरच्यायवरून गाडी गेली, ह्यायले दिसल्या नाई."

कोणी हसलं नाही. पटेल पुन्हा खाली बसले. मग एक म्हातारा म्हणाला, "आज मिरच्या होत्या. उद्या लेकरू असलं तं? मंग आमी आजवर कोनाच्या भरोशावर बसलो बाप्पा?" आणि सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले की मघाचं पाहणं बरं होतं.

घरी आल्यावर मी आगपाखड केली. "कोनं सांगतलं होतं तुले तोंड उघडाले?"

ती भाकरी थापत होती. "मंग बाया पायनारा म्हनून घेतलं असतं का?"

"घेतलं असतं! गाडी तं राह्यली असती माही!"

"अन माह्यं काय राह्यलं असतं?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "गावात पानी भराले मी जातो, तुमी नाई. सुंभ जळला तरी पीळ जात नाई तुमचा."

मी ताट सरकवलं. आठवडाभर तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तिनं गावापुढं माझी अब्रू वाचवली होती आणि त्याच तोंडानं मला खाटेवर नेऊन झोपवलं होतं, आणि या दोन्हींचा मला सारखाच राग होता.

पुढच्या बाजाराला मी जीप थांब्यावर नेली, रस्त्याला पाठ करून उभी केली, आणि आत बसून राहिलो. माणसं होती. टोपल्या होत्या. सगळे थांब्याजवळच्या पुलाच्या कठड्यावर बसले होते आणि कोणी उठत नव्हतं. पटेल विडी ओढत दुसरीकडे पाहत होते. साळा खिडकीशी आला. हसत नव्हता, तेही मला सहन झालं नाही.

"भाऊजी, चाबी द्या. लोकं खोळंबले."

त्यानं हात पुढं केला. तसाच, जसा मी एकदा त्याच्यापुढं केला होता. माझा हात चाबीवर गेला. खरं सांगतो, मी ती काढणार होतो.

तेव्हा गावाकडून ती येताना दिसली. डोक्यावर वांग्यांची टोपली. कठड्यावरच्या कोणाकडे तिनं पाहिलं नाही, भावाकडेही नाही. सरळ जीपच्या मागं गेली, टोपली आत सरकवली, चढली, आणि फळीच्या अगदी कडेला, रस्त्याकडे तोंड करून बसली. उलटी. सरळ बसूनही जिला हिंगणघाटपर्यंत तीनदा उतरावं लागलं, ती.

"उतर," मी म्हणालो.

ती उतरली नाही. आरशात तिचा अंबाडा दिसत होता आणि त्याच्या बाजूनं वीतभर रस्ता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. बसल्या बसल्या ती पुन्हा सगळ्या गावाला तेच सांगत होती, ह्याला मागचं दिसत नाही. तिनं टपाचा पत्रा दोनदा वाजवला. दुसऱ्या हातात लिंबू होतं. ते नाकाशी धरून ती ओरडली, "मांगं कोनी नाई. येऊ द्या."

मी साळ्याच्या हाताकडे पाहिलं आणि रिव्हर्स टाकला.

"येऊ द्या, येऊ द्या," ती म्हणत राहिली. गाडी रस्त्यावर आली आणि एकदम तिचा आवाज बंद झाला. मी आरशात पाहिलं. ती बाहेर वाकून ओकत होती, आणि लिंबू धरलेला हात मागं माझ्याकडे उंच करून तिनं मला थांबवलं होतं, कारण मागून बैलगाडी येत होती. मी थांबलो.