मामांनी स्वतः केलेली बांधणी

दिंडोरीजवळ मामांच्या टोमॅटोची पानं आकसायला लागली, तेव्हा त्यांनी दुकानदाराला विचारून जिवाणूंवरचं औषध दोनदा फवारलं. फरक पडला नाही. तिसऱ्या फवारणीआधी त्यांचा फोन आला. माझ्यासारख्या बातमीदाराला शेतीतलं काय कळणार? सुट्टीच्या दिवशी वनस्पतिरोग शिकवणाऱ्या मित्राला सोबत घेऊन नाशिकहून गेलो.

मित्राने मान टाकलेल्या एका झाडाचं खोड कापून पाण्याच्या पेल्यात धरलं. "जिवाणू असतील तर दुधासारखी तार सुटेल."

आम्ही तिघे पेल्याकडे बघत राहिलो. पाणी निवळच राहिलं.

"मग बरंच हाय की," मामा म्हणाले.

"बरं नाही. विषाणू असणार."

त्याने सांगितलेलं मी टिपून घेतलं. जिवाणू काय, विषाणू काय, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि हातांवरून, कात्रीवरून पसरू शकतात. पण जिवाणू स्वतः खातो, वाढतो, आणि त्याला मारणारं औषध असतं. विषाणू एकटा काहीच करत नाही. झाडाच्या पेशीत शिरला, की पेशीच त्याच्या प्रती काढत बसते. मग झाडच काढावं लागतं. टोमॅटोवरचे काही विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतात.

"तंबाखू मळता का?" मित्राने विचारलं.

"तुमीबी ह्याच्या मामीवानी माझ्या पुडीमागं लागले का, सर?"

मित्र हसला नाही. आजारी झाडं बांधापासून ओळीने, सलग होती. झाडं सुतळीने काठ्यांना बांधायची ती बांधणी मामांनी त्याच क्रमाने, एकट्याने केली होती. मजूर फांद्या मोडतात म्हणून ते कुणाला हात लावू देत नसत.

मामांनी ओळीवरून नजर फिरवली. "म्हंजे मी लावला?"

"बियाण्यातूनही येतो. पक्कं सांगता येणार नाही."

"आला कुटूनबी. पसरवला कोनी?"

मित्राने तपासणीसाठी काही पानं पिशवीत भरली.

चार दिवसांनी पानांचा अहवाल आला. विषाणूच होता. झाडं उपटायच्या दिवशी मी पुन्हा गेलो. मामी आणि दोन बाया ओळी धरून उपटत होत्या. मामा बांधावर उभे होते, हात काखेत दाबून.

"अहो, तिकडली ओळ धरा ना," मामी ओरडल्या.

"तुमी उपटा."

पलीकडच्या तुकड्यात उशिरा लावलेली रोपं अजून निरोगी होती, गुडघ्याएवढी झालेली. त्यांची बांधणी व्हायची होती.

"त्याच्या बांधणीला मान्सं सांग," मामा मामींना म्हणाले आणि घराकडे निघाले.