दुसऱ्या कोंबडीची तंगडी

कॉलेजात जीवशास्त्राची एकच कायम जागा निघाली होती. मी आणि माझी मैत्रीण, दोघीही तिथं तासिकेवर शिकवायचो, एका डब्यात जेवायचो. निवडसमितीसमोर एक पाठ घ्यायचा होता. मी विषय ठरवला: सांगाडा आत असलेले प्राणी आणि बाहेर असलेले.

त्यासाठी घरच्या रविवारच्या कोंबडीची हाडं मी उकळली, घासली, वाळवली, तारेनं बांधून उभी केली. एकच घोळ झाला. त्या दिवशी नणंदेचे यजमान जेवायला होते, अन् आमच्यात तंगडी जावयाच्याच ताटात जाते. भल्या माणसानं हाड फोडून आतला गर चोखला. मग पुढच्या रविवारच्या कोंबडीची तंगडी लावली, ती जराशी लांब निघाली. जोडीला शेतातल्या खेकड्यानं टाकलेलं अख्खं कवच होतं.

मी सावनेरहून शहरात कॉलेजला बसनं यायची. मैत्रीण म्हणाली, "गर्दीत सांगाडा मोडून जाईल वं. माझ्याकडं ठेव, मी स्कूटीवर आणून देईन." आदल्या दिवशी प्रताप नगरात तिच्या घरी सांगाड्याचा अन् कवचाचा खोका ठेवला, वर अख्खा पाठ बोलून दाखवला. माझ्यासारखी येडी मीच.

तिचा नंबर माझ्या आधी होता. दाराबाहेर बाकावर बसले, तर आतून माझीच वाक्यं ऐकू येऊन राहिली होती. "खेकड्याला वाढायचं असलं की कवच सोडावं लागतं. नवं कडक होईपर्यंत तो मऊ असतो, म्हणून लपून बसतो." कुणीतरी विचारलं, एक तंगडी लांब कशी? ती म्हणाली, "जन्मजात व्यंग आहे, सर."

बाहेर येऊन तिनं खोका माझ्या मांडीवर ठेवला. "राग नको मानू वं, मले लय गरज होती."

अन् मले काय हौस होती?

दुसरं काही तयार नव्हतं, तोच खोका घेऊन आत गेले. समितीच्या मोठ्या साहेबांनी नेमकं तंगडीवर बोट ठेवलं. मी खरं ते सांगितलं: जावई, ताट, दुसरी कोंबडी. सगळे हसले.

"मॅडम," साहेब म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू मागून आणता, तर नीट विचारून तरी यायचं. ते जन्मजात व्यंग आहे."

ती माझी मैत्रीण होती, तिचं मी एक वेळ सोडीन. पण मी त्यांना "हो सर" म्हणाले, ते अजून मनातून जात नाही.