दहाव्याच्या दिवशी गोळीला सुट्टी

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, दहाव्यांचे भारी शौकीन. संगमनेरच्या आसपास कुणाचाही दशक्रिया विधी असो, सकाळी सकाळी कडक टोपी घालून हे घाटावर पहिल्या रांगेत. प्रवचन ऐकायचं, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या ऐकायच्या, आणि घरी येऊन कोण किती लांबलं म्हणून नावं ठेवायची.

मागच्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. पंप कमजोर झालाय, असं डॉक्टर म्हणाले. प्रेशरच्या गोळ्या दिल्या, आणि अंगात पाणी साठू नये म्हणून रोज सकाळी एक लघवीची गोळी. ती घेतली की मामांच्या मोरीकडे खेपाच खेपा.

गोळ्या मी स्वतः हातावर ठेवायची. मामा घोटभर पाणी पिऊन मान हलवायचे. तरी पाय सुजले, चप्पल शिरेना, आडवं झालं की दम कोंडायला लागला. मी सगळा राग मिठावर काढला, लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली. आणि एक दिवस टोपी धुवायला घेतली, तर घडीतून लघवीच्या गोळ्या टपाटपा खाली!

"मामा, हे काय?"

"अगं, भर प्रवचनात पहिल्या रांगंतून उठायचं कसं? दहाव्याच्या दिवशी तेवढी सुट्टी घेतो."

"आणि दहावा तर एक दिवसाआड असतो!"

"त्याला मी काय करू? लोकं मरत्यात."

हसू दाबून मी तणतणले, "मग जाऊच नका ना!"

मामा हळूच म्हणाले, "पोरी, मी न्हाई गेलो, तर माझ्या दहाव्याला कोन यील?"

तशीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर पोट धरून हसले, मग दटावून म्हणाले, "दहाव्याला जायचं असेल त्या दिवशी घरी आल्या आल्या घ्या. पण चुकवलीत तर गाठ माझ्याशी आहे."

आता मामा घाटावरून आले की मी दारातच गोळी आणि तांब्या घेऊन उभी. सूज उतरली, चप्पल शिरली. परवा मात्र गोळी हातात धरून त्यांचा हिशेब चालला होता.

"ही अशी गिळत बसलो, तर माझ्या जोडीचे समदे आधी जातील. मग गर्दी व्हायची कशी गं?"

"नको व्हायला गर्दी! मला तुम्ही घरात पाहिजे. गिळा."

मामांनी गिळली, आणि तोंड उघडून दाखवलं.