पिवळी पानं आणि शेजारची कॅरल

मंडळी, आज सकाळी मी बेसमेंटच्या पायरीवर बसून चक्क रडले.

माझ्या नवऱ्याची, समीरची, केमो सुरू आहे. मळमळीसाठी डॉक्टरांशी बोलून आम्ही बेसमेंटमध्ये गांजाचं एक झाड लावलंय. इथे मिशिगनमध्ये घरी लावायला परवानगी आहे. फुलं छान भरली होती, आणि आज बघते तर खालची पानं पिवळीधम्मक! वाटलं, हेही हातचं गेलं. खताची बाटली उघडली, पण ओतण्याआधी शेजारच्या कॅरलला फोन केला. तिने स्वतःच्या सांधेदुखीसाठी ही झाडं वाढवली आहेत.

ती घरातल्या चपलांवरच धावत आली. पानं उलटून कीड नाही ना ते बघितलं आणि म्हणाली, "खत नको घालूस. फुलं तयार होत आली की झाड जुन्या पानांतला नायट्रोजन फुलांना देतं, म्हणून ती पिवळी पडतात. वरची हिरवी आहेत ना? मग सगळं ठीक चाललंय."

'सगळं ठीक' ऐकून मला रडूच फुटलं. ती पायरीवर माझ्या शेजारी बसली. मग वर जाऊन समीरशी गप्पा मारत बसली, आणि त्या नादात त्याने कितीतरी दिवसांनी वाटीभर मऊ भात खाल्ला.

थँक्यू, कॅरल. तुम्हाला असं हक्काने कुणाला बोलावता येतं?