फवाऱ्याचं हसू

केसांवर पाण्याचा फवारा आणि कानात गप्पांचा फवारा तो एकाच वेळी सोडायचा, म्हणून सगळं गाव त्याला फवारा म्हणायचं. खरं नाव त्याला फक्त मतदानाच्या दिवशी आठवावं लागे. या फवाऱ्याची एक ठाम समजूत होती: माणूस पारखावा तो वस्तऱ्याखाली. गळ्यावर पातं असताना जो डोळे मिटून स्वस्थ पडतो, तो थंड डोक्याचा. बायको हयात असती तर म्हणाली असती, "अहो, मुलीचं लग्न करताय की दाढी?" पण ती नव्हती, आणि फवाऱ्याने एकुलती एक मुलगी अशाच एका स्वस्थ पडणाऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकली. जावई विनोदीही होता. बायकांवरचे त्याचे विनोद ऐकून दुकान लोटपोट व्हायचं, आणि सगळ्यात मोठ्याने हसायचा तो फवाराच.

मुलगी परत आली ती मनगटाला प्लास्टर घालून.

दुकानामागच्या खोलीत ती राहू लागली. मध्ये नुसता पडदा. तिने आल्या आल्या सांगून टाकलं, "बाबा, मी राहीन इथे. पण त्या खुर्चीवर कुणी बायकांची टिंगल केली, तर तुम्ही हसायचं नाही. हसलात की मी निघाले."

"अगं, धंद्यातलं हसू ते! हाताला कात्री, तसं तोंडाला हसू."

"तो तेच हसू ऐकत होता, बाबा. त्याला वाटलं, सासऱ्यांना चालतंय."

फवाऱ्याने एका शब्दात अट मान्य केली. आयुष्यात पहिल्यांदाच.

त्याच सुमारास आसपासच्या गावांनी मिळून एक आघाडी काढली. पालिका, पोलीस, दवाखाने, शाळा, सगळे एकत्र. बाईला कमी लेखायची सवय मोडायची, मारहाण होण्याआधीच अडवायची. पुरुष मोकळेपणी बोलतात कुठे, तर सलूनमध्ये, म्हणून सलूनवाल्यांना शिकवणी ठेवली. फवारा सगळ्यात पुढच्या बाकावर. शिकवलेलं सोपं होतं: भांडायचं नाही, हसायचं नाही, शांतपणे विचारायचं, "यात हसण्यासारखं काय?"

आणि त्याला जमलं की! वखारवाल्याने बायकोच्या अकलेवर काहीतरी सोडलं, फवाऱ्याने विचारलं. वखारवाला म्हणाला, "काय रे, आज आंबट खाल्लंस का?" आणि कायमचा समोरच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक तुटलं, पण पडद्याआडून मुलगी दोन कप चहा घेऊन आली आणि बापाशेजारी बसून प्यायली. फवारा दिवसभर शीळ घालत होता.

मग एके दुपारी आघाडीचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले. फवारा गडबडला, खुर्ची दोनदा पुसली.

"पटकन आटपा मास्तर, शाळेत भाषण आहे. स्त्रियांच्या सन्मानावर." एक गाल झाला. साहेबांनी आरशात डोळा मिचकावला. "आपल्यातलं सांगतो, बायको म्हणजे गाडी. वर्षातून एकदा ठोकून घेतली की नीट चालते."

फवारा हसला. खो खो हसला. एवढा मोठा माणूस, "आपल्यातलं" म्हणाला. हसू विचारायला थांबलंच नाही.

पडदा सरला. मुलगी पिशवी घेऊन खुर्चीमागून चालत गेली, रस्त्यावर उतरली.

"कन्या वाटतं?" साहेब आरशात तिच्या मनगटाचं प्लास्टर बघत म्हणाले. "सभेला आणा तिला. असं उदाहरण समोर असलं की लोकांना पटतं."

तेव्हाच धावायला हवं होतं. पण अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून जायचं कसं? फवाऱ्याने दुसरा गाल केला, तुरटी फिरवली, कॉलर झटकली, आणि मग धावला.

बस निघायच्या बेतात होती. मुलगी खिडकीशी बसली होती. आघाडीनेच पुढच्या गावी बायकांसाठी निवारा उघडला होता, तिकडे निघाली होती.

"बाळा, चुकून गं! तोंडातून निसटलं."

"माहीत आहे, बाबा. म्हणूनच चाललेय."

"बरं, मग भेटायला येतो. रविवारी येऊ?"

"तिथे पुरुषांना आत घेत नाहीत."

"बापालाही?"

"बापालाही," ती म्हणाली, आणि तिने काच ओढून घेतली.